गाडीचा प्राण कुठं असतो

नर्मदाकाकूंच्या उजव्या हाताची चार बोटं भाजली आणि मी वाद जिंकलो. बोटं सोमवारी भाजली, वाद रविवारी जिंकला. मधले दिवस मला काहीच माहीत नव्हतं आणि मी दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो, हे आता आठवलं की लाज वाटते.

वाद स्क्रॅम्बलरचा. स्क्रॅम्बलर म्हणजे डांबरी रस्त्यावर चालणारी, पण मन शेतात असलेली मोटरसायकल. दातेरी टायर, रुंद हँडल, पाटासारखी सपाट सीट. आणि इतर गाड्यांचा सायलेन्सर खाली चाकापाशी असतो, तो हिचा वर, उजव्या मांडीला लागून. मांडी भाजू नये म्हणून त्यावर लोखंडी जाळीचं गार्ड, तीन बोल्टांवर बसवलेलं.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी कनेरगाव नाक्यावर हिरासिंगच्या ढाब्यावर जमतो. चौघांत मोटरसायकली तीन. हिरासिंगकडे फक्त ट्रॅक्टर आहे, पण ढाबा त्याचा, म्हणून पंच तो. विश्वजीत हिंगोलीला पतसंस्थेत क्लार्क. त्याची गाडी साडेतीनशे सीसीची. आधी तिचा आवाज येतो, मग बऱ्याच वेळानं विश्वजीत येतो. बालाजी कुरुंद्याचा, घरची हळद. स्क्रॅम्बलर त्याची, नर्मदाकाकू त्याची आई. मी नरसीचा. माझे बाबा व्यंकटराव तिथं देवळाच्या सेवेत आहेत. मी हिंगोलीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर लोकांची नावं भरतो, आणि बाबांची कंबर धरली की त्यांच्या जागी पूजा सांगतो. माझी गाडी शंभर सीसीची, बाबांनी वापरून दिलेली. तिच्याबद्दल चांगलं बोलावं असं काही नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल वाईट बोलतो.

"ही मोटरसायकल न्हाई, खेचर हाये," त्या रविवारी मी म्हणालो. "तोंड घोड्याचं, पाय गाढवाचे. रोडवर टायर गुणगुणतात अन् चिखलात वजन नडते."

"खेचर फौजेत चालते," बालाजी म्हणाला. "तुझं गाढव कुठं चालते?"

"माझं गाढव लिटरला सत्तर चालते."

"मायलेज विचारतो तो रायडर नसतो, गिऱ्हाईक असतो," विश्वजीत म्हणाला. तो नेहमी बालाजीच्या बाजूनं असतो, कारण तो नेहमी माझ्या विरुद्ध असतो.

"आमच्या वढ्याला पावसाळ्यात मांडीइतकं पाणी असते," बालाजी सांगत होता. "तुमच्या गाड्या पाणी पिऊन मधीच बसतात. माझीचं धुराडं वर. म्हशीवानी आरामात निघते."

"म्हैस तरी चढायच्या टायमाला खाली बसते. हिच्यावर बसायला काकूंना ओटा लागते."

"लागते तर लागते. ओटा हाये घराला."

"अन् जिथं ओटा न्हाई तिथं?"

"तिथं दगड बघतो. तुला काय तकलीफ?"

"ते जाऊ दे. उजव्या मांडीला शेगडी बांधून फिरतोस त्याचं बोल."

"कसली शेगडी!" विश्वजीत मध्ये पडला. "तो सायलेन्सर वाटतो तेवढा तापतच नाही. आतून लायनिंग असतं. वरचं गार्ड नुसतं शोभेचं."

"शोभेचं?"

"शोभेचं. मी व्हिडिओ बघितलाय."

"व्हिडिओत लोकं गच्चीवर शार्क बी पाळतात," हिरासिंग कांदा कापता कापता म्हणाला. "पुरावा आना. तवर गुण तीन, दोष तीन. चहा घ्या."

हा त्याचा नेहमीचा निकाल. कोणतीही गाडी असो, गुण तीन, दोष तीन, चहा घ्या. शेवटी बालाजीनं किल्ली काढून माझ्यापुढं टाकली. "आठ दिस घेऊन जाय. चालव. तुझी मला दे. मंग बोल." आम्ही गाड्या बदलल्या. तो माझ्या गाडीवर बसून कुरुंद्याला गेला तेव्हा त्याचे गुडघे हँडलला लागत होते.

इथं मला दसऱ्याची गोष्ट सांगावी लागेल. सांगायची इच्छा नाही, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ही स्क्रॅम्बलर बालाजीनं दसऱ्याला घेतली आणि आईला मागं बसवून पूजेला नरसीला आणली. बाबांची कंबर धरलेली, म्हणून सोवळं मी नेसलो. हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ झाला. बालाजी चाकाखाली लिंबू ठेवायला वाकला होता, तेवढ्यात नर्मदाकाकूंनी हात जोडून विचारलं, "महाराज, आता रोजचं काय करायचं गाडीचं?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात, अजून किती वेळ आहे. रोजचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि उत्तर माहीत नसलं की मी फार गंभीर होतो.

"रोज प्रवास सुखरूप झाला," मी म्हणालो, "की गाडीला उजवी घालायची. गाडी उजव्या हाताला ठेवून एक फेरी. मग डोळे मिटून सायलेन्सरला हात लावायचा आणि तो हात छातीला लावायचा."

"सायलेन्सरलाच काहून?"

"गाडीचा प्राण तिथून ये-जा करतो."

काकूंनी मान हलवली. त्यांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं. लगेच त्यांनी फेरी घातली आणि डोळे मिटून गार्डवर हात ठेवला. गाडी तेव्हा थंड होती. मी घरी येऊन सोवळं सोडलं आणि पाटावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. बाबांनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, काही नाही, दक्षिणेत विड्याचं पान जास्त आलं.

तर, स्क्रॅम्बलर माझ्या अंगणात आली. मला पुरावा हवा होता आणि माझ्या डोक्यात पुरावा म्हणजे उडदाचा पापड होता. विश्वजीत म्हणतो सायलेन्सर तापत नाही. त्यावर पापड भाजला, तर वाद संपला. गुरुवारी सुट्टी होती. मी गाडी हिंगोलीपर्यंत नेऊन परत आणली, गरमागरम. फडक्यानं धरून पान्यानं तिन्ही बोल्ट काढले, गार्ड बाजूला ठेवलं आणि चिमट्यात पापड धरून सायलेन्सरवर दाबला.

नऊ सेकंद. असा एकसारखा पापड आईनं आयुष्यात भाजला नसेल. कुठं करपला नाही, कुठं कच्चा नाही, सगळीकडून फोड. फोटो काढायला हवा होता, पण फोन घरात होता आणि पापड हातात. मी तो खाल्ला. म्हणजे पुरावा खाल्ला. मग दुसरा पुरावा भाजला आणि तोही खाल्ला. चौथ्यानंतर आईनं आतून विचारलं, पापडाचा डबा कोणी नेला.

गार्ड परत लावायला गेलो तर बोल्ट नव्हते. ते मी मोरीच्या कठड्यावर ठेवले होते आणि मोरीनं ते घेतले होते. हात घातला, साबणाचा एक तुकडा निघाला, तो चार वर्षांपूर्वीचा असावा. बोल्ट निघाले नाहीत.

हिंगोलीत बोल्ट मिळतात. कुठल्याही पार्टच्या दुकानात, डब्यातून निवडून. मी म्हणालो, उद्या आणू. आणि तोपर्यंत म्हणून, नळ गळला की लावतात ते मळायचं सील घेतलं, त्याच्या तीन गोळ्या केल्या, तीन भोकांपाशी लावल्या आणि गार्ड दाबून बसवलं. वाळल्यावर त्यावर काळा रंग दिला. इतकं बेमालूम काम मी ऑफिसात कधी केलेलं नाही. शुक्रवारी म्हणालो उद्या. शनिवारीही तेच म्हणालो. रविवारी ढाब्यावर न जाता थेट कुरुंद्याला गाडी परत द्यायला गेलो. नरसी ते कुरुंदा गार्ड हललं नाही, तेव्हा मी स्वतःला सांगितलं, एवढं टिकलं म्हणजे आता टिकलंच.

अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती. नर्मदाकाकू बाहेर आल्या, स्क्रॅम्बलर पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आली व्हय गं माय! महाराज, तुमची गाडी चांगली हाये, पन तिचा प्राण लई खाली. वाकून वाकून माझी कंबर गेली."

म्हणजे त्या आठवडाभर माझ्या गाडीलाही उजवी घालत होत्या, तिच्या सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या गार्डला हात लावून. बालाजी हसला. "माय रोज करते ते. शेतातून आलो की फेरी अन् नमस्कार. मला वाटलं जुनी पद्धत असंल."

"जुनीच हाये," काकू म्हणाल्या. "महाराजांनीच तर सांगितली. हात लावला की ऊब लागते. जित्ती हाये गाडी. मी गल्लीत सगळ्यांला सांगितलं." आणि त्यांनी समोर बोट दाखवलं. समोरच्या दारात रुख्मिणीबाई नावाची म्हातारी स्टुलावर उभी राहून सकाळपासून बंद असलेल्या ट्रॅक्टरच्या उभ्या धुराड्याला हात लावत होती. लावून झाल्यावर तिनं हात छातीला लावला आणि सून तिला धरून खाली उतरवू लागली.

त्या वेळी मला दोन वाक्यं बोलायची होती. एक गार्डबद्दल, एक प्राणाबद्दल. दोन्ही छोटी वाक्यं होती. मी म्हणालो, "काकू, चहा छान झालाय." चहा अजून आलेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी ढाब्यावर पोचलो तेव्हा बालाजी काळी-पिवळी जीपमधून उतरत होता. त्याच्या हातात हेल्मेट होतं. सवयीनं आणलं असावं. तो खाटेवर बसला आणि हेल्मेट मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिला.

"गाडी?" विश्वजीतनं विचारलं.

"घरी हाये." मग त्यानं सांगितलं. सोमवारी दुपारी हळद शिजवून झाल्यावर तो आणि काकू शेतातून घरी आले. काकू ओट्यावर उतरल्या, फेरी घातली, डोळे मिटले आणि सायलेन्सरवर हात ठेवला. गार्ड तिथं नव्हतं. वाटेत कुठंतरी पडलं होतं. "चारी बोटं. मला आवाज आला चर्र असा. माय वरडली न्हाई. छातीला हात लावला तिनं, अन् मंग खाली बसली."

 कढईत काहीतरी तळत होतं, हिरासिंगनं जाऊन गॅस बंद केला.

"डॉक्टरनं पट्टी केली. पंधरा दिस लागतील म्हन्ला. भाकरी मी करून राहिलो." त्यानं हेल्मेटची काच वर केली, खाली केली. "काल एक भाकरी उचलली त हात तव्यावर अन् भाकर खाली. कुत्र्यानं बी वास घेऊन सोडली."

मग तो माझ्याकडं वळला. "अद्वैत्या, तू बोल्ला व्हता. शेगडी बांधून फिरतो म्हन्ला व्हता. आपून आप गार्ड गळून पडते म्हंजे काय गाडी हाये का ती? तू बराबर व्हता."

विश्वजीत उभा राहिला. तो पतसंस्थेच्या सभेत उभा राहतो तसा. "मी माझे शब्द मागे घेतो," तो म्हणाला. "लायनिंगबाबतचे आणि शोभेबाबतचे. अद्वैतचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं. स्क्रॅम्बलर ही सदोष गाडी आहे."

"निकाल," हिरासिंग म्हणाला. "गुण शून्य, दोष एक. पन एकच भारी हाये." सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं निकाल दिला. ढाब्यावर ट्रकवाल्यांसाठी झेंडूचे हार असतात, त्यातला एक त्यानं काढला आणि माझ्या गळ्यात घातला. मला वाटलं चेष्टा आहे, पण त्याचा चेहरा साफ होता. तो मला रबडीही वाढून गेला.

मी हार घालून रबडी खात बसलो. दुसरं काय करायचं ते कळेना. झेंडूचा वास येत होता आणि प्रत्येक घास गिळताना हार वरखाली होत होता.

"परवा मंगळवारी वाशिमचा एक जन येऊन गाडी घेऊन जानार हाये," बालाजी म्हणाला. "माझ्यानं बघवत न्हाई तिच्याकडं. चांगली व्हती पन." त्यानं 'व्हती' म्हटलं. दसऱ्यापासून त्या गाडीबद्दल तो कधी भूतकाळात बोलला नव्हता.

"मग झालं की," विश्वजीत म्हणाला.

"न्हाई ना झालं. माय ऐकून न्हाई राहिली. तिचं म्हन्नं, दोष गाडीत न्हाई, तिच्यात हाये. त्या दिवशी फेरी घालताना पायात चप्पल व्हती म्हन्ते. म्हनून गाडीनं हात पोळला. सहा दिस झाले, देवघरात पाय न्हाई ठेवला तिनं. उंबऱ्याबाहेरून हात जोडते, ते बी एकाच हातानं. म्हन्ते, माझा हात इटाळला." त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "तुला बोलावलं तिनं. उद्या. शांत करायची म्हन्ते."

"कोणाची?"

"गाडीची."

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंडात रबडी होती हे कारण मी बरेच दिवस वापरलं. पण रबडी गिळायला किती वेळ लागतो, हे मलाही माहीत आहे.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारून कुरुंद्याला गेलो. वाटेत हिंगोलीला पार्टच्या दुकानातून तीन बोल्ट घेतले. गार्ड नव्हतं, बोल्ट कशाला बसवणार होतो माहीत नाही. खिशात ठेवले आणि रस्ताभर ते एकमेकांवर वाजत राहिले.

अंगणातली हळद एका बाजूला ओढून मधे जागा केली होती. तिथं स्क्रॅम्बलर उभी, धुऊन पुसून, हँडलला फुलं. पाट, कलश, सुपारी, तांदूळ, सगळं मांडलेलं. मांडणी जरा तिरकी होती कारण ती डाव्या हातानं केली होती. नर्मदाकाकूंचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. बालाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हाताला पीठ. त्याला ही पूजा पसंत नव्हती.

"या महाराज," काकू म्हणाल्या. "माझ्याच हातून चुकलं. तुमी इतकं नीट सांगितलं व्हतं, अन् मी चपलीनं फिरले. लेकराच्या गाडीला उगा बट्टा लागला. ते इकून राहिला तिला. तुमी सांगा त्याला. तुमचं ऐकते ते."

"अन् मला बी सांग," बालाजी म्हणाला. "दोष कोनात हाये ते एकदा सांग. मायचं म्हन्नं तिच्यात. माझं म्हन्नं गाडीत. तू दोन्ही बाजूचा जानकार."

मी पाटावर बसलो आणि पूजा सुरू केली. खरंच सुरू केली. कोणाला वाटेल मी तिथं पोचताच बोललो असेन; नाही. आचमन केलं, गणपतीच्या सुपारीला फूल वाहिलं. सगळं रीतसर चाललं होतं आणि मला वाटायला लागलं की असंच शेवटपर्यंत जाऊन, आरती करून, घरी जाता येईल. मग संकल्प आला.

संकल्प म्हणजे पूजा कोण करतंय आणि कशासाठी, हे देवाला सांगणं. यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी द्यायचं, आम्ही सांगतो ते त्यानं म्हणायचं आणि पाणी ताम्हणात सोडायचं. उजवाच हात लागतो. मी पळी भरली आणि काकूंकडं पाहिलं. त्यांनी पट्टीचा हात पुढं केला, मग त्यांच्याही लक्षात आलं.

"डावा चालंल का?"

"नाही चालत, काकू."

"बालाजी, तू घे."

"मी न्हाई घेत. माझं म्हन्नंच न्हाई की तुझा दोष हाये."

काकूंनी पट्टीचा हात मागं घेतला. मग म्हणाल्या, "मंग तुमच्याच हातात सोडा, महाराज. तुमी माझ्या जागी. तुमच्याहून जवळचं कोन हाये या गाडीला?"

मी डाव्या हातानं पळी धरून माझ्याच उजव्या तळहातावर पाणी घेतलं. देशकाल म्हटला. नरसीला म्हणतो तसाच, झरझर. आणि मग तो शब्द आला. मम. संकल्पात यजमान म्हणतो, मम दोषनिवारणार्थम्. एरवी तो यजमानाच्या तोंडी असतो, म्हणून आजवर त्याच्याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. मम म्हणजे माझा. माझ्या दोषाच्या निवारणासाठी. बाबांनी हा शब्द मला आठव्या वर्षी शिकवला होता, अर्थासकट.

"मम," मी म्हणालो, आणि पुढं जाता येईना. पाणी बोटांच्या फटीतून गळत होतं.

"काय झालं, महाराज?"

"काकू, गार्ड मी काढलं होतं."

बालाजी चौकटीपासून सरळ झाला. मी तळहाताकडं बघत सगळं सांगितलं. पापड, चार पापड, मोरी, बोल्ट, सील, काळा रंग. नऊ सेकंद हेही सांगितलं. त्याची गरज नव्हती. "तुमच्या चपलीचा काही संबंध नाही. गाडीचाही नाही. कंपनीनं बोल्ट दिले होते, ते मी मोरीत घातले."

बालाजी स्क्रॅम्बलरपाशी गेला, खाली बसला आणि सायलेन्सरवर तीन जागी चिकटलेलं काळं-पांढरं काहीतरी नखानं खरवडलं. "हे काय हाये म्हनून मी आठ दिस बघून राहिलो," तो म्हणाला, माझ्याशी नाही, गाडीशी. मग उठला. "वाशिमवाल्याला फोन करून येतो." तो बाहेर गेला. जाताना माझ्या अंगावरून गेला, पण मी तिथं असल्यासारखा गेला नाही.

नर्मदाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं त्या रागावल्या. पण त्या म्हणाल्या, "म्हंजे माझा हात इटाळला न्हाई."

"नाही, काकू."

"सात दिस मी देवाला पानी न्हाई घातलं रे." त्या पहिल्यांदाच मला महाराज म्हणाल्या नाहीत. उठून लगेच देवघराकडं निघाल्या आणि मला वाटलं, आता जमलं, आता इथंच थांबावं. समोरच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, इंजिन चालू, नुकताच शेतातून आलेला. सून स्टूल आणत होती.

मी पळतच रस्ता ओलांडला. "आजी, थांबा! हात लावू नका, तापलंय!"

रुख्मिणीबाई स्टुलावर एक पाय ठेवून थांबली. सून माझ्याकडं बघत राहिली. मागं वळलो तर नर्मदाकाकू उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"काहून लावू नको म्हन्तोस?" त्यांनी विचारलं. "गार्ड तर त्याला कधीच नव्हतं."

मग मला दुसरं वाक्यही बोलावं लागलं. रस्त्यावर उभं राहून, ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज काढून. "तशी काही पद्धत नाही, काकू. प्राणाची. ती मीच त्या वेळी बनवली. तुम्ही विचारलं आणि मला काही सुचलं नाही."

सुनेनं ट्रॅक्टर बंद केला. बरं केलं नाही. आता शांतता झाली. नर्मदाकाकू उंबऱ्यावरून खाली उतरल्या नाहीत.

"म्हंजे त्या दिवशी तू मनातल्या मनात हसत व्हता?"

खोटं बोलता आलं असतं. "तेव्हा नाही," मी म्हणालो. "घरी गेल्यावर."

त्यांनी मान हलवली, दसऱ्याला हलवली होती तशीच. "मी पंधरा घरी सांगितलं," त्या म्हणाल्या. "दारोदार जाऊन. आता तू जाय. माझं नाव घेऊ नको. तुझं घे."

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं आतून तांब्याचा आणि पळीचा आवाज आला. देवाला पाणी घालत असाव्यात, डाव्या हातानं. डावा चालत नाही हे सांगायला मी गेलो नाही.

पहिलं घर समोरचंच होतं. रुख्मिणीबाई अजून स्टुलापाशी उभी होती, एक हात धुराड्याच्या दिशेनं, लावू की नको असा.

"आजी, धुराड्याला हात लावायची काही पद्धत नाही," मी म्हणालो.

"कोन म्हन्ते न्हाई?"

"मी."

"अन् हाये म्हनून कोनी सांगितलं व्हतं?"

"तेही मीच."

तिनं हात खाली घेतला, डोळे बारीक करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सुनेला विचारलं, "मंग आपून कोन्त्या टायमाचं खरं धरायचं गं?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या दाराकडं निघालो. अजून चौदा होती.